गॅसवरचं गवत

वडील बारामतीला आमच्याकडं राहायला आले तेव्हा त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती. तिच्यात दोन धोतरं, दोन सदरे, टॉवेल, दम्याचा पंप आणि नरसिंहपूरच्या अंगाऱ्याची पुडी. मी म्हणालो, "तात्या, कपाटात एक खण रिकामा करून ठेवलाय तुमच्यासाठी." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जायाचंच हाय." आणि पिशवी त्यांनी दाराआडच्या खिळ्याला अडकवून टाकली.

आई गेल्यावर गावच्या, वरकुट्याच्या घराला मीच कुलूप लावलं होतं. म्हैस चुलत्यांच्या गोठ्यात नेऊन बांधली. दम्याच्या माणसानं एकट्यानं गावात राहायचं नाही, असा माझा हुकूम होता. हुकूम पाळला गेला, पण पिशवी खिळ्यावरच राहिली. कपडे धुऊन वाळले की ते घडी करून पुन्हा त्या पिशवीतच जायचे. कुणी पाहुणा आला की तात्या सांगायचे, "चार दिवसांसाठी आलोय." चार दिवसांचे चार महिने झाले तरी त्यांचे चार दिवसच चालू होते. रोज सकाळी चहा घेताना माझं लक्ष आधी त्या खिळ्याकडं जायचं. ती पिशवी एकदा कपाटात गेली की मी जिंकलो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता लॉनबद्दल. आमच्या बंगल्यापुढं लॉन आहे, हे सांगताना मी अलीकडं आवाज जरा खाली घेतो. ती बायकोची हौस. तिनं बंगला बघायच्या आधी बंगल्याचं चित्र बघितलं होतं, आणि चित्रात हिरवळ होती. ज्या मुलखात पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघत नाहीत, तिथं पाणी पाजून गवत वाढवायचं, वाढलं की कापायचं आणि कापलं की फेकून द्यायचं. हा व्यवहार मला स्वतःलाही नीट कळलेला नव्हता. तात्यांना तर तो समजावून सांगायची पाळी माझ्यावर पहिल्याच दिवशी आली.

"ह्ये काय पीक हाय?" त्यांनी ओट्यावर बसून विचारलं.

"लॉन आहे, तात्या."

"कारखाना न्हेतो का?"

"नाही."

"जनावराला?"

"नाही. शोभेला असतं."

ते ओट्यावरून उतरून गवताभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "आन् शोभा बघाया कोण येतं?"

बायको आतून हे ऐकत होती. तिनं त्या दिवशी भाजीत मीठ जास्त घातलं.

पण आयुष्यभर ऊस केलेल्या माणसापुढं हिरवं काही असलं की त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. एका संध्याकाळी मी कंपनीतून घरी आलो तर लॉनवर घोटाभर पाणी उभं होतं. शेजारचे निवृत्त ग्रामसेवक आपल्या फाटकात उभे होते आणि त्यांच्या चपला तरंगत होत्या. तात्यांनी धोतर खोचून, हातात फावडं घेऊन, लॉनच्या मधोमध सरळ पाट काढला होता. नळाला लावलेली रबरी नळी पाटात सोडली होती. "निसती तोंडं वली करताव तुमी," ते मला म्हणाले, "मुळाला पाणी जात न्हाय. भिजवायचं म्हंजी भिजवायचं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी युरियाचा डोस दिला. कुठून आणला ते सांगितलं नाही. बायको बोलली, "अहो, हे लॉन आहे का उसाचा फड?" मी म्हणालो, "तुझं लॉन, माझे वडील. मधे मी पडत नाही." असं म्हणून मी मधे पडलो नाही, आणि ते बरंच झालं. कारण गवत असं माजलं की कॉलनीतले लोक फिरायला जाताना थांबून बघू लागले. शोभा बघायला माणसं यायला लागली. तात्यांनी ओट्यावरची खुर्ची ओढून फाटकाजवळ घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खतपाणी सांगायला सुरुवात केली.

गवत इतकं वाढल्यावर आठवड्याला कापणं आलं. आमच्याकडं पेट्रोलवरचं एक जुनं मशीन होतं, ढकलत न्यायचं. तात्यांनी ते ताब्यात घेतलं. कापण्याला ते तोड म्हणायचे. "बेस्तरवारी तोड हाय," असं बुधवारीच जाहीर व्हायचं. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी, त्यामुळं मीही घरी असायचो. कापून झालं की खालच्या बुडख्यांकडं बघून विचारायचे, "किती खोडवं घ्यायचं रं ह्याचं?" मी म्हणायचो, "मरेपर्यंत." ते समाधानानं मान हलवायचे. तोडलेला ऊस बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, पण उसाला इतके खोडवे कुणी बघितले नव्हते.

आणि एका गुरुवारी तोड झाल्यावर आंघोळ करून त्यांनी धुतलेला सदरा पिशवीत न घालता कपाटात ठेवला. मी बायकोला खुणेनं दाखवलं. ती म्हणाली, "पाट काढला तो असाच राहू दे." इतकी मोठी तडजोड तिनं लग्नानंतर कधी केली नव्हती.

अडचण अशी होती की ते मशीन निळा धूर सोडायचं. चालवणाऱ्याच्या तोंडावरच यायचा तो. तात्या तोंडाला टॉवेल गुंडाळायचे, पण टॉवेलला धूर कुठं अडतो? श्रावण संपता संपता एका गुरुवारी अर्धं लॉन कापून झालं आणि ते खाली बसले. ओठ काळे पडलेले, छाती भात्यासारखी चाललेली. दवाखान्यात नेलं, वाफ दिली. डॉक्टर माझ्यावरच उखडले. म्हणाले, "दम्याच्या पेशंटला पेट्रोलच्या धुरात उभं करता? ते मशीन बंद करा, नाहीतर यांना दारं लावून आत ठेवा."

घरी आल्यावर तात्या कपाटाकडं गेले, सदरा काढला आणि पिशवीत घातला. "आता हितं बसून काय करू?" ते म्हणाले. मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन त्या मशीनला लाथ घातली. मशीनला काही झालं नाही. अंगठा आठवडाभर ठणकत होता.

कापायला माणूस लावावा तर तात्यांचं काम जातं, आणि काम गेलं की तात्या जातात. ग्रामसेवकांनी सुचवलं, "विजेवरचं घ्या की. धूर नाही, आवाज नाही." सल्ला चांगला होता, पण सुट्टीही गुरुवारी आणि दुरुस्तीसाठी लाइट जायची तीही गुरुवारीच. शिवाय तात्यांनी विहिरीवरच्या मोटारीचे इतके झटके खाल्ले होते की ओल्या गवतावर वायर ओढायची म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. "माझं काय, मी मरंन. पर वायर तोडीत आली तर लॉन जळंल," हे त्यांचं कारण.

गॅसची कल्पना मला कंपनीत सुचली. आमच्या गोदामात माल उचलायची एक गाडी गॅसवर चालते. बंद शेडमध्ये दिवसभर फिरते, पण डोळे चुरचुरत नाहीत. एमआयडीसीतच जनरेटरला गॅसचं किट बसवून देणारा एक वर्कशॉपवाला होता. त्याच्याकडं मशीन नेलं. त्यानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, जनरेटर गॅसवर चालतो, रिक्षा चालते. ह्यानं काय घोडं मारलंय?" घरच्या चुलीचा सिलिंडर त्याला लावता येत नाही, म्हणून धंद्यासाठी मिळतो तो छोटा सिलिंडर रीतसर घेतला. त्यानं दांड्याच्या खाली लोखंडी पिंजरा करून तो त्यात घट्ट बसवला. रेग्युलेटर, नळी, साबणाच्या फेसानं गळती तपासणं, सगळं झालं. मशीन असं दिसायला लागलं की जणू पाठीवर पोर घेऊन कामाला निघालेली बाई.

ग्रामसेवकांनी ते फाटकातून आत येताना बघितलं आणि घरात जाऊन खिडक्या लावून घेतल्या. मग फोन केला. "अहो, तो बॉम्ब आहे." मी म्हणालो, "तुमच्या स्वयंपाकघरात याहून मोठा बॉम्ब आहे, त्यावर रोज तुमचा चहा होतो." ते म्हणाले, "तो एका जागी असतो. हा फिरतो."

तात्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं, सिलिंडरवर नरसिंहपूरचा अंगारा लावला, नारळ फोडला आणि दोर ओढला. एका ओढीत चालू झालं. आवाज होता, पहिल्यापेक्षा थोडा कमी. जोरही थोडा कमी, माजलेल्या गवतात जरा दमायचं. पण तो निळा धूर नव्हता, तो वास नव्हता. तात्यांनी अर्धं लॉन कापलं, थांबले, टॉवेल तोंडावरून खाली घेतला आणि मोठा श्वास घेतला. मी ओट्यावर उभा होतो, हातात त्यांचा पंप घेऊन. तो लागला नाही. खरं सांगतो, मला रडू येत होतं, पण समोर ग्रामसेवक खिडकीच्या फटीतून बघत होते.

त्याच आठवड्यात सदरा कपाटात गेला. मागोमाग धोतरं गेली. शेवटी पिशवीसुद्धा घडी होऊन खणात गेली आणि खिळा मोकळा झाला. बायकोनं त्यावर कॅलेंडर लावलं.

मला जरा चढली. कंपनीत पर्यावरण सप्ताह होता, त्यात मी उभा राहून भाषण ठोकलं. पेट्रोलपेक्षा गॅस कसा स्वच्छ जळतो, छोट्या इंजिनांचा धूर किती वाईट असतो, एकेका घरानं ठरवलं तर काय होईल, वगैरे. टाळ्या पडल्या. मशीनसोबतचा माझा फोटो नोटीसबोर्डावर लागला, खाली 'हरित विचार, हरित आचार' असं लिहिलेलं. फोटोत दोर मीच ओढतोय. कापणारे तात्या फोटोत कुठंच नाहीत. ते म्हणाले होते, "माझं काय काडता? गवताचं काडा."

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. पण गवत कापलं की त्याचं काय करायचं, याचा विचार माझ्या हरित विचारात कुठंच नव्हता.

पेट्रोलच्या मशीनचं गवत आम्ही कोपऱ्यात ढीग करून कुजू द्यायचो. तात्यांनी एकदा त्यातलं पोतंभर एका लग्नाला जाताना गाडीत घालून वरकुट्याला नेलं होतं. चुलत्यांच्या गोठ्यात आमच्या म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं हुंगलं, फुरकन् श्वास सोडला आणि तोंड फिरवलं. तात्यांना फार लागलं ते. परतताना गाडीत म्हणाले, "वळखलंच न्हाय तिनं." मी म्हणालो, "तुम्हाला ओळखलं हो, गवताला येणारा पेट्रोलचा वास ओळखला नाही."

आता गॅसवर कापलेल्या गवताची मूठ त्यांनी नाकाशी नेली आणि तशीच धरून उभे राहिले. "वास न्हाय," ते म्हणाले. युरिया त्यांनी त्याच दिवशी बंद केला, कारण युरिया दिलेलं हिरवं लगेच जनावराला घालायचं नसतं. त्याऐवजी कुठूनतरी शेणखताची ट्रॉली आणून लॉनवर पसरली. पंधरवडाभर कॉलनीत कुणी खिडकी उघडली नाही. बायकोनं माझ्याशी बोलणं बंद केलं, तात्यांशी नाही, हे विशेष.

खत मुरल्यावर एका गुरुवारी दोन पोती गवत डिकीत भरून आम्ही वरकुट्याला गेलो. बारामतीहून तास-सव्वातासाचा रस्ता. म्हशीपुढं गवत टाकलं. तिनं हुंगलं. तात्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडायचं विसरले. मग तिनं जीभ काढली आणि खायला लागली. "खाल्लं," तात्या म्हणाले. "खाल्लं रं लेका." आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी बघितलं नव्हतं, आणि मूर्खासारखा मीही खूश झालो.

मग दर गुरुवारी तोड आणि दर गुरुवारी वरकुटे. आधी आम्ही संध्याकाळी परत यायचो. मग तात्या म्हणाले, "आज वस्ती करतो, उद्या यष्टीनं येतो." शुक्रवारचा शनिवार झाला, शनिवारचा सोमवार. एकदा घराचं कुलूप काढून त्यांनी झाडलोट केली. मग म्हैस चुलत्यांच्या गोठ्यातून आमच्या गोठ्यात आली. एका बुधवारी मी कंपनीतून आलो तर कॅलेंडर खुर्चीवर ठेवलेलं होतं आणि खिळ्यावर पिशवी होती. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यासोबत गेली आणि परत आली नाही.

वरकुट्याला जाऊन मी भांडलो. दम्याचं काढलं, डॉक्टरचं काढलं, आईचंही काढलं. तात्या शांतपणे म्हणाले, "हितं धूर हाय कुठं? तुझ्या चुलत्याची सून दोन टायमाचं जेवान देती. आन् तू येतोसच की गवत घिऊन." एवढ्यावर प्रकरण मिटलं. ज्या मशीननं त्यांना धरून ठेवायचं, त्याच मशीननं त्यांना पोचतं केलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

तेव्हापासून गुरुवारची तोड माझ्याकडं आली. दोर ओढायचा, तास-दीड तास मशीन ढकलायचं, गवत गोळा करायचं, पोती भरायची, डिकीत घालायची आणि वरकुट्याला पोचवायची. बायकोनं हिशेब मांडला नाही, एकदा नुसतं विचारलं, "लॉन कापायला पेट्रोल नको म्हणून गॅस आणला, आणि ते गवत पोचवायला गाडीत पेट्रोल घालताय. पर्यावरणाचं काय झालं?" मी म्हणालो, "ते कंपनीच्या नोटीसबोर्डावर आहे." खरंच होतं, फोटो अजून तिथंच होता.

तात्यांचं वागणंही मला झोंबायला लागलं होतं. गाडी दारात थांबली की ते माझ्याकडं बघायचे नाहीत, आधी डिकी उघडायचे. पोती उचलून बघायचे, मुठीत घेऊन हुंगायचे. मी सव्वा तास गाडी हाकून आलोय, जेवलोय का नाही, काही नाही. बुधवारी फोन यायचा तोही एवढाच, "तोड हाय न्हवं उद्या?" मी फोन ठेवून बायकोला म्हणायचो, "मुलगा नाही, गवतवाला झालोय मी त्यांचा." एका बुधवारी मनाशी पक्कं केलं. लॉन उपटून तिथं फरशी घालायची. गवतच राहिलं नाही म्हणजे मला जायला नको, आणि कंटाळून कधीतरी ते येतील.

दुसऱ्या दिवशी मशीन दोन पट्टे कापून बंद पडलं. सिलिंडर संपला होता. गॅसवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, उद्या. मला बरंच वाटलं. फरशीचं सांगायला ही वेळ चांगली होती. रिकामी गाडी घेऊन मी निघालो, सगळा रस्ता बोलायची वाक्यं जुळवत.

तात्या ओट्यावर बसलेले होते. उठले, डिकीकडं आले. मी म्हणालो, "आज गवत नाही. गॅस संपलाय." मला वाटलं आता तोंड वाकडं करतील. ते डिकीवरचा हात काढून घेत म्हणाले, "मंग कसं काय आलास?"

"असंच."

"आस्सं?" त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "ये, च्या घे."

चहा होईपर्यंत मी गोठ्यात डोकावलो. म्हैस बसली होती. तिच्यापुढं उसाच्या शेंड्यांचं वाढं पडलेलं, शेजारी कापलेल्या हिरव्या घासाची भरलेली पाटी, कडब्याची गंजी. गव्हाण भरून सांडत होती. चुलत्यांच्या मळ्यातून रोज येत असणार. आणि भिंतीला लागून माझी मागच्या आठवड्याची दोन पोती तशीच होती, तोंड बांधलेली. एक सोडून बघितलं. आतलं गवत पिवळं पडून गरम झालं होतं.

मी बाहेर आलो. माझा आवाज चढला होता. "तात्या, हे काय? तिला चारा एवढा आहे, आणि मी दर गुरुवारी गवत आणतोय? मग मागवता कशाला?"

तात्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली. "पयल्यांदा खात व्हती ती," ते म्हणाले. "आता हितला घास कवळा हाय, तुझं कशाला खाईल?"

"मग?"

"मंग काय? न्हाय मागवलं तर तू यशील व्हय?"

फरशीचं मी बोललो नाही. चहा निवत होता. त्यांनी माझा कप माझ्यापुढं सरकवला आणि विचारलं, "शिलिंडर कधी देतो म्हणाला?"

"उद्या."

"भरून घे. गवत वाढलं आसंल तिकडं."